मिर्सिनीला घातलेलं पाणी

मारियान्थी पहिल्यापासून अबोल नव्हती. तरुणपणी ती परसात उभी राहून ओरडली की धक्क्यावरच्या मांजरीसुद्धा पळायच्या, असं तार्सी अजून सांगते. तार्सी तिची शेजारीण, आणि हिच्या तोंडाची तारीफ तिनं करावी म्हणजे कमालच, कारण तार्सीचं स्वतःचं तोंड म्हणजे तिखटाची पुडी. आमच्या बेटात आत शिरलेल्या कल्लोनीच्या आखातावर आमचं गाव. उन्हाळ्यात सार्डिन मासळी येते, पहाटे होड्या भरून परततात, आणि धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका दिवसभर उभ्या राहून डबे भरतात. मासळीचा एक थर, जाड्या मिठाचा एक थर, वर पुन्हा मासळी. या दोघींनी त्या शेडमध्ये शेजारी-शेजारी उभं राहून अख्खं आयुष्य काढलं.

मारियान्थीचा नवरा स्त्रातीस छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. मुलगी मिर्सिनी तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागली होती. त्या दिवसापासून मारियान्थीच्या अंगावर काळे कपडे आले ते आलेच. आईही तीच आणि बापही तीच. आईचं काम तिला चांगलं जमलं. बापाचं काम करताना मात्र आवाज चढायचा. आमच्याकडच्या आयांना शिव्याशाप द्यायला फार कारण लागत नाही. दूध उतू गेलं तरी ‘जळो तुझं तोंड’, आणि रात्री त्याच तोंडात आपल्या हातानं घास. पोरंही ते मनावर घेत नाहीत. मिर्सिनीही घेत नसे.

पण एकदा तो शब्द नको तेव्हा बाहेर पडला. मिर्सिनीचा साखरपुडा झाला होता. पाद्र्याच्या समोर अंगठ्या घातलेल्या, मुलगा पलीकडच्या गावातल्या होडीवाल्याचा, घरोघरी बदाम वाटून झालेले. लग्न तोंडावर आलं आणि पोरीनं अंगठी काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. "आई, मला नाही करायचं त्याच्याशी," एवढंच म्हणाली आणि थेस्सालोनिकीला जायला बॅग भरायला लागली. मारियान्थीनं रडून पाहिलं, हात जोडून पाहिले, गावात तोंड कसं दाखवू म्हणून विचारून पाहिलं. मिर्सिनी उंबऱ्याबाहेर पडली तेव्हा मारियान्थी दारातून ओरडली, "जा! मातीसुद्धा पोटात घेणार नाही तुला!"

"बस सुटेल माझी," मिर्सिनी म्हणाली, आणि मागं न बघता गेली.

पुढं दर रविवारी फोन असायचा. यंदा ऑलिव्हचं तेल कसं निघालं, खोकला थांबला का, तिकडं थंडी किती. त्या शब्दाबद्दल दोघीही बोलल्या नाहीत. मारियान्थीला वाटायचं, ईस्टरला आली की समोर बसवून सांगू, रागाच्या भरात बोलले गं. ईस्टर यायच्या आधी मिर्सिनीच्या डोक्यातली नस फुटली. काही आठवडे शुद्धीवर न येता इस्पितळात होती, मग बोटीनं पेटीतून घरी आली.

आमचं स्मशान लहान आहे. तिथं कुणालाच कायमची जागा नाही. तीन-चार वर्षं झाली की घरच्या बायका थडगं उघडतात, हाडं उचलतात, वाइननं धुतात, पत्र्याच्या पेटीत भरतात, आणि ती पेटी चर्चमागच्या खोलीत बाकीच्यांच्या शेजारी जाते. हाडं स्वच्छ निघाली की आई सुटकेचा श्वास टाकते. मातीनं सगळं घेतलं, पोर मोकळी झाली. पण कधी कधी माती घेत नाही. देह तसाच राहतो. मग बायका एकमेकींकडे बघतात आणि कुणी काही बोलत नाही, कारण असं कशानं होतं ते सगळ्यांना माहीत असतं. कुणाचा तरी शाप असतो. आणि शापांमध्ये आईचा शाप सगळ्यात वाईट.

मारियान्थी दारातला तो शब्द मनात धरून बसली. तिनं कुणाला सांगितलं नाही, पाद्र्यालाही नाही. तिला एकच उपाय माहीत होता. आमच्याकडे माणूस मरायला टेकला की त्याच्या हातानं पेल्यात मीठ विरघळवतात आणि तो म्हणतो, मीठ विरतं तसे माझे वाईट शब्द विरोत. मारियान्थीच्या आईनंही जाताना हे केलं होतं. मारियान्थीनं मरायची वाट पाहिली नाही. दर शनिवारी ती झारीत पाणी घेई, मूठभर मीठ टाकी, ढवळी आणि मनातल्या मनात तेच वाक्य म्हणत मिर्सिनीच्या थडग्यावर ओती. मूठभरानं काय होणार असं वाटून पुढं दोन मुठी, पुढं तीन. थडगं उघडायची वेळ आली तसं ती टाळायला लागली. कधी माती ओली आहे म्हणायची, कधी पाठीत उसण भरली म्हणायची. गाव म्हणे, बिचारीला सोसवत नाही. गावाचं अर्धं बरोबर होतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आयनो आली. बेटावरच्या शहरात विद्यापीठ आहे, तिथून एका सत्रासाठी परदेशी मुलं गावागावात राहायला पाठवतात. आमची भाषा, आमचे सण, आमचं खाणंपिणं शिकायला म्हणे. मारियान्थीनं खोली द्यायला होकार कसा दिला ते तिचं तिलाच कळलं नाही. घरात आवाज नको झाला होता आणि आवाज नसणंही नको झालं होतं.

"आयनो? हे काय नाव झालं?" तार्सी पहिल्याच दिवशी म्हणाली. "हाक मारल्यावर तोंड उघडंच राहतं. आम्ही तुला अन्नुला म्हणणार."

"तिला विचार तरी," मारियान्थी म्हणाली.

"बाप्तिस्म्याच्या वेळी पोराला कुणी विचारतं का?"

पोरगी फिनलंडची. उंच, पांढरीफटक, कमी बोलणारी. आमची भाषा पुस्तकातून शिकलेली, त्यामुळं कोंबडीलासुद्धा अहो-जाहो करायची. आमच्याकडे दार वाजवून कुणी आत येत नाही याची तिला सवय व्हायला महिना लागला. ती केस धूत असे आणि तिघी बायका स्वयंपाकघरात बसून तिच्या लग्नाचं ठरवत असत.

"तिकडं कुणी आहे का गं?"

"नाही."

"इथं बघू का?"

"मावशी, मी जूनमध्ये परत जाणार."

"जूनपर्यंत पुष्कळ वेळ आहे," तार्सी म्हणायची. "माझं लग्न आठवड्यात ठरलं आणि बघ, अजून पस्तावतेय."

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आयनोनं मारियान्थीबरोबर मसूर खाल्ले, रानातली भाजी खुडायला शिकली, पाव मळताना कोपरापर्यंत पीठ लावून घेतलं. एकदा तिच्या हातून तेलाची बरणी निसटली आणि वर्षाचं चांगलं तेल स्वयंपाकघरभर पसरलं. मारियान्थीचं तोंड उघडलं. मग तिनं दोन्ही हातांनी ते झाकलं आणि तशीच उभी राहिली.

"रागवा ना, मावशी," आयनो घाबरून म्हणाली. "तार्सीमावशी मला रोज रागावतात."

"तार्सीचं तोंड वेगळं," मारियान्थी म्हणाली. "माझं वाईट आहे."

आयनोला काही कळलं नाही. ती फडकं घेऊन खाली बसली आणि मारियान्थीही तिच्याशेजारी बसली. दोघींनी मिळून जमीन पुसली. त्या संध्याकाळी मारियान्थीनं तिच्यासाठी रव्याचा गोड पदार्थ केला. चार वर्षांत त्या चुलीवर काही गोड झालं नव्हतं. पोरीचा तिला लळा लागला होता आणि लळा लागला याची लाजही वाटत होती. या पोरीशी एवढं गोड बोलता येतं तर मिर्सिनीशी का नाही बोललीस, असं तिचंच मन तिला विचारायचं.

शनिवारची झारीही आयनो उचलायला लागली. मारियान्थीचा खांदा दुखायचा, आणि पोरगी म्हणायची, मी आहे ना. पाणी मारियान्थी घरीच तयार करून ठेवी; आयनो चढावरून ती झारी नेई आणि थडग्याशी तिच्या हातात देई. जिरेनियमची रोपं लावली ती मेली. तुळशीसारखी आमची वासाची रोपं लावली तीही करपली.

"इथं काहीच का जगत नाही, मावशी?"

"वारं लागतं," मारियान्थी म्हणायची.

ईस्टर झाला. कुणाचं फुटत नाही ते बघायला लाल अंडी एकमेकांवर आपटताना आयनोचं अंडं शेवटपर्यंत टिकलं आणि ती टाळ्या वाजवून हसली. मारियान्थीही हसली. हसली, आणि उठून परसात गेली, आणि बराच वेळ आत आली नाही.

पुढच्याच रविवारी पापा-स्टेलियोसनं तिला चर्चच्या दारात गाठलं. चांगला माणूस, पण पाद्रीही शेवटी गावचाच, त्याला जागेची काळजी. "मारियान्थी, किती दिवस ढकलणार? दोन म्हातारे अंथरुणाला खिळलेत. मी त्यांना कुठं ठेवू?"

"माती ओली आहे, बाबा."

"मे महिन्यात?"

पापा-स्टेलियोसचा आवाज मऊ झाला. "तिलाही आता बाहेर यायचं असेल. शनिवारी करू."

आठवडाभर मारियान्थी धड जेवली नाही. पेटी पुसली, पांढरा रुमाल इस्त्री केला, वाइन आणली. शुक्रवारी आयनो दारात येऊन उभी राहिली. "मावशी, मी आले तर चालेल का? अभ्यासासाठी नाही. तुमच्यासाठी."

"घरातली बाई लागतेच," मारियान्थी म्हणाली. "माझ्याकडे दुसरी कोण आहे?"

शनिवारी सकाळी थडग्याशी पाच-सहा बायका जमल्या, सगळ्या शेडमधल्या, सगळ्या काळ्या कपड्यांत. पानागोस खोदायला. आमच्या गावातली थडगी तोच खणतो आणि तोच उघडतो. संगमरवरी चौकट बाजूला झाली. पहिल्याच घावाला कुदळ खडखडली. पानागोसनं वाकून मातीचं ढेकूळ उचललं. ते करड्या-पांढऱ्या रंगाचं होतं, वर खपली धरलेलं.

"हे काय? मिठागरासारखी झालीय माती," तो म्हणाला. "इतकी वर्षं खणतोय, असं कधी पाहिलं नाही."

"खण तू," तार्सी म्हणाली.

तो खणत गेला. शेवटी कुदळ ठेवून त्यानं हातानं माती बाजूला केली, जशी करतात तशी, हळू, डोक्याच्या बाजूनं. मग त्याचे हात थांबले. मारियान्थी रुमाल पसरून गुडघ्यावर बसली होती. तिनं वाकून पाहिलं. केस तसेच होते. जाताना घातलेला निळा स्वेटर तसाच होता, आणि त्याच्या आत अजून मिर्सिनी होती.

कुणी रडलं नाही. कुणी एकमेकींकडे पाहिलंही नाही, आणि बायका एकमेकींकडे बघायचं टाळतात तेव्हा समजावं की सगळं समजलंय. पानागोसच्या हातात अजून ते ढेकूळ होतं. "इथं मीठ कुणी ओत—" तो म्हणायला लागला.

तिथली प्रत्येक बाई आयुष्यभर मिठात उभी राहिलेली. मीठ काय करतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मासळीचा थर, मिठाचा थर. आयनोनं शनिवारच्या सवयीनं बरोबर आणलेल्या रिकाम्या झारीकडे पाहिलं, मग मारियान्थीकडे, आणि तिचे ओठ हलले. तार्सीनं तिच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"इस्पितळातली औषधं," तार्सी मोठ्यानं म्हणाली. "किती सुया टोचल्या पोरीला! अथेन्समध्ये तर रोज होतं म्हणे असं. आणि माती खारी होणार नाही तर काय? समुद्र काय दुसऱ्या देशात आहे?"

"खारं वारं," दुसरी म्हणाली.

"खारं वारंच," तिसरी म्हणाली.

पानागोसनं ढेकूळ खाली टाकलं आणि हात झटकले. पापा-स्टेलियोसनं क्षमेची प्रार्थना म्हटली. सगळ्यांनी तीनदा म्हटलं, देव तिला क्षमा करो. मारियान्थीचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग कुंपणाजवळ, जिथं माती काळी आहे, तिथं नवा खड्डा खणून मिर्सिनीला पुन्हा पुरलं. आणलेली वाइन तार्सीनं तिच्यावर शिंपडली. पेटी रिकामीच घरी आली.

घरी कॉफी झाली. एरवी एका गोष्टीवर गप्प न राहणाऱ्या बायका त्या दिवशी हवापाण्याचं बोलल्या आणि लवकर उठल्या. तार्सीनं कप धुतले, मारियान्थीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तीही गेली. मग मारियान्थीनं आयनोला सगळं सांगितलं. अंगठी, बॅग, दारातला शब्द, पेल्यातलं मीठ. का सांगितलं? परक्या माणसाला सांगितलं की गोष्ट त्याच्याबरोबर गावाबाहेर जाते, म्हणून असेल. किंवा ती परकी राहिली नव्हती म्हणून.

आयनोनं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. पोरगी मनानं चांगली होती आणि तिला सांत्वन करायचं होतं.

"मावशी, मग शाप नव्हताच!" ती म्हणाली. "तुमच्या बोलण्यानं काही झालं नाही. ते मिठामुळं झालं. तुम्हाला तर माहीत आहे, मीठ घातलं की—"

आपण काय बोलतोय ते तिच्याच कानांनी ऐकलं आणि ती थांबली.

"बोल की," मारियान्थी म्हणाली. "मीठ घातलं की टिकतं. सगळा जन्म तेच तर केलं मी."

"मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं."

"मला माहीत नव्हतं? मला?" मारियान्थी हसल्यासारखी झाली. "शाप होता तोवर बरं होतं गं. शाप रागात गेला. देव म्हणाला असता, बाईला राग आला, चालायचंच. पण पाणी मी रागात नाही घातलं. शांत डोक्यानं घातलं, मायेनं घातलं. माती तिला घ्यायला आली असेल, आणि मी दर शनिवारी जाऊन मातीला अडवलं."

"झारी मी उचलत होते," आयनो म्हणाली आणि रडायला लागली.

"तू पाणी उचललंस. पाणीच होतं ते तुझ्यासाठी." मारियान्थीनं तिचे डोळे एप्रनच्या टोकानं पुसले. तिचे स्वतःचे डोळे कोरडे होते. त्यानंतरही कुणी तिला रडताना पाहिलं नाही, आणि आमच्या बायकांना सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

जूनमध्ये सत्र संपलं. निघायच्या आदल्या दिवशी आयनो रोझमेरीचं एक रोप घेऊन कुंपणाजवळच्या नव्या थडग्याशी गेली. मारियान्थी मागोमाग आली आणि तिनं तिचं मनगट धरलं. "काही लावू नको."

"ही माती चांगली आहे, मावशी. इथं जगेल."

"असू दे. राहू दे तिला नुसतं."

बसच्या थांब्यावर गाव लोटलं. कुणी चीज दिलं, कुणी तेल, तार्सीनं सार्डिनचा डबा पुढं केला आणि मग काय वाटलं कोण जाणे, तो परत पिशवीत टाकून बदामाचे लाडू दिले. "नवरा मिळाला की कळव," ती म्हणाली. "नाही मिळाला तर इथं ये, अजून दोन विधुर शिल्लक आहेत." आयनो रडत हसली. मग मारियान्थीला मिठी मारून म्हणाली, "तीन वर्षांनी पुन्हा उघडाल तेव्हा मी येईन. तुमच्याशेजारी उभी राहीन."

"ये," मारियान्थी म्हणाली. पोरगी खोटं बोलत नव्हती हे तिला कळत होतं. पण सत्र संपताना सगळेच असं बोलतात आणि मनापासूनच बोलतात, हेही तिला कळत होतं. बस वळली तरी ती हात हलवत उभी राहिली. तिच्या मिर्सिनीच्या बसला तिनं हात हलवला नव्हता.

आता दर शनिवारी तार्सी तिला स्मशानात घेऊन जाते. तार्सी झाडते, वाळकी पानं उचलते, दिवा पुसते. मारियान्थी चार पावलं लांब सायप्रसखाली उभी राहते, हात एप्रनच्या खिशात घालून. जवळ जात नाही, कशाला शिवत नाही. एकदा तार्सी वैतागली.

"अगं बये, निदान दिव्यात तेल तरी घाल! तुझी पोर आहे ती, माझी नव्हे. तेलानं काय होणार आहे?"

"तूच घाल, तार्सी," मारियान्थी म्हणाली. "मला आता तिच्यासाठी काहीही करायची भीती वाटते."